वकील कोणाचा? हप्ता भरणाऱ्याचा की नेमणूक करणाऱ्याचा?

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



मागच्या बैठकीत एका भावाने पाठीमागून उठून प्रश्न विचारला होता. त्याच्या कपाशीचे बियाणे उगवले नाही. दुकानदार म्हणाला, कंपनीला विचारा. कंपनी म्हणाली, तुमच्याकडे पाऊस कमी झाला. कोर्टात जायचे तर वकिलाची फी बियाण्याच्या पिशव्यांपेक्षा जास्त. त्याने विचारले, "बैलाचा विमा निघतो, मोटारसायकलचा निघतो, मग वकिलाच्या खर्चाचा विमा का निघू नये? वर्षाला दोन-चारशे रुपये भरू. भांडण उभे राहिले की कंपनी वकील देईल."

सभेत हशा झाला. मला मात्र हसू आले नाही, कारण प्रश्न शहाणपणाचा होता. माहिती काढून बोलतो, असे मी त्याला सांगितले होते. ती माहिती आज तुमच्यासमोर ठेवतो.

असा विमा आहे. १९१७ साली फ्रान्समध्ये मोटार चालवणाऱ्यांसाठी तो सुरू झाला. पुढे जर्मनीत तो घराघरांत गेला. इंग्लंडमध्ये घराच्या किंवा गाडीच्या विम्याला जोडूनच तो विकला जातो. वर्षाला साधारण वीस-तीस पौंड जास्त भरायचे. त्या बदल्यात ५० हजार, कुठे १ लाख पौंडांपर्यंतचा कोर्टखर्च कंपनी सोसते. नोकरीवरून काढले, शेजाऱ्याने बांध कोरला, गवंड्याने घर बिघडवले, गाडीने उडवले, अशा भांडणांसाठी हा विमा.

इंग्लंडमध्ये त्याची गरज आपल्यापेक्षा जास्त आहे. तिथे मोठ्या दिवाणी दाव्यात हरणाऱ्याला सहसा जिंकणाऱ्याच्या वकिलाचा खर्चही द्यावा लागतो. म्हणजे हरला तर दोन वकिलांचे बिल एकाच्या डोक्यावर. शिवाय १ एप्रिल २०१३ पासून सरकारने गरिबांच्या कायदेशीर मदतीतून बरीचशी दिवाणी प्रकरणे वगळली. तेव्हापासून सामान्य माणसाला या विम्याचा आधार आणखी मोठा वाटू लागला.

आता हा आधार वेळेवर कसा ठरतो, ते पाहू.

दाव्याची पैसेवारी

एखाद्या बाईला कारखान्याने कामावरून काढले. घराच्या विम्यात कायदेखर्चाचा विमा आहे हे तिला आठवते. ती फोन करते. पलीकडचा माणूस गोड बोलतो, फॉर्म पाठवतो. फॉर्म भरला की कागद वकिलाकडे जातात. हा वकील तिने निवडलेला नसतो. कंपनीने देशभरातल्या काही वकिली कचेऱ्यांशी आधीच करार केलेला असतो. वर्षाला हजारो प्रकरणे देऊ, दर मात्र कमी लावा, असा तो ठोक सौदा. त्या यादीतल्या सॉलिसिटरकडे तिचे प्रकरण जाते. सॉलिसिटर म्हणजे अशिलाशी बोलणारा, कागद तयार करणारा वकील. त्याची कचेरी दोनशे मैलांवर असू शकते. पुष्कळ लोकांना शेवटपर्यंत त्याचे तोंड दिसत नाही.

या वकिलाचे पहिले काम दावा लढण्याचे नसते. दावा जिंकण्याची शक्यता निम्म्याहून अधिक आहे की नाही, हे त्याने कंपनीला लिहून द्यायचे असते. लोक त्याला '५१ टक्क्यांची अट' म्हणतात.

मंडळी, हे आपल्याला नवीन नाही. आपल्या पिकाची पैसेवारी निघते. ५० पैशांच्या आत की बाहेर, यावर वर्षानुवर्षे आपला दुष्काळ खरा की खोटा ते ठरले. रान आपले, राबणारे आपण, पण आकडा लिहिणारा दुसरा. इंग्लंडातला विमेदार नेमका याच ठिकाणी उभा असतो. फरक इतकाच की आपल्याकडे आकडा ५० च्या खाली यावा म्हणून आपण धडपडतो, आणि तो ५० च्या वर जावा म्हणून धडपडतो.

आकडा खाली आला की कंपनी खर्च थांबवते. तोवर दोन-तीन महिने गेलेले असतात. नोकरीवरून काढल्याची तक्रार करायला तिथे साधारण तीन महिन्यांचीच मुदत असते. फोनची वाट पाहता पाहता मुदत निघून जाते.

आकडा वर गेला तरी सगळे संपत नाही. मिळणाऱ्या रकमेपेक्षा खर्च जास्त होईल असे दिसले तर कंपनी हात आखडते. समोरच्याने तडजोडीला काही रक्कम देऊ केली आणि वकील म्हणाला 'घ्या', तर ती घ्यावी लागते. नाही म्हटले तर पुढचा खर्च तुमचा. कंपनीच्या परवानगीआधी तुम्ही आपल्या ओळखीच्या वकिलाला दिलेले पैसे मिळत नाहीत. हे सारे पॉलिसीत छापलेले असते. पण हप्ता भरताना पॉलिसीचे शेवटचे पान कोण वाचतो? आपण तरी कर्जाच्या कागदावर सही करताना वाचतो का?

दोन दारांमधला माणूस

सगळ्यात जास्त मनस्ताप निराळ्याच गोष्टीचा असतो. काम रखडले म्हणून विमेदार कंपनीला विचारतो. कंपनी म्हणते, "वकील स्वतंत्र आहे, आम्ही त्याच्या कामात पडत नाही." वकिलाला विचारले तर तो म्हणतो, "कंपनीची मंजुरी आली नाही." तिथे विमा कंपनीविरुद्ध तक्रार ऐकायला एक लोकपाल आहे आणि वकिलाविरुद्ध ऐकायला दुसरा. दोन्ही फुकट आहेत, ही चांगली गोष्ट. पण चूक नक्की कोणाची, हे आधी विमेदारानेच शोधायचे. बियाणेवाला आणि पाऊस यांच्यामध्ये अडकलेल्या आपल्या भावाची गत यापेक्षा वेगळी नव्हती.

म्हणून हा विमा म्हणजे निव्वळ लुबाडणूक, असे मी म्हणणार नाही. ते खोटे होईल. ज्यांचा दावा सरळ होता, कागद पक्के होते, त्यांना या विम्याने तारले आहे. खिशातला एक पौंड न घालता त्यांनी मोठ्या मालकांशी टक्कर दिली. शंभर जणांनी थोडे थोडे घालायचे आणि एकावर वेळ आली की त्याला उभे करायचे, हा विचार उत्तमच आहे. खोट विचारात नाही. वकील कोणाच्या शब्दाने येतो आणि कोणाच्या शब्दाने जातो, खोट तिथे आहे.

यादीतल्या वकिलाला त्या बाईचे प्रकरण आयुष्यात एकदाच मिळणार. कंपनीकडून मात्र त्याला दर आठवड्याला प्रकरणे मिळणार. तो माणूस प्रामाणिक असेल, पुष्कळ असतातही. त्याच्या धंद्याचे नियमही सांगतात की अशिलाचे हित आधी. पण पुढच्या वर्षी यादीत नाव राहायला हवे, ही गोष्ट तो विसरेल कशी? कापसाची गाडी केंद्रावर लावली की आपण आधी विचारतो, ग्रेडर कोणाचा? तोच प्रश्न इथे विचारायचा. वकील कोणाचा?

हक्क कागदावर होता, लढून हातात आला

युरोपातल्या लोकांनी हा प्रश्न विचारला. १९८७ साली युरोपीय समुदायाने कायदेखर्चाच्या विम्याबद्दल निर्देश काढला. कोर्टाचे काम सुरू होते तेव्हा आपला वकील निवडण्याची मोकळीक विमेदाराला असली पाहिजे, असे त्यात म्हटले होते. इंग्लंडने १९९० साली तसे नियम केले. तरीही कंपन्या पळवाटा काढत राहिल्या.

ऑस्ट्रियात एक गुंतवणूक कंपनी बुडाली आणि अनेकांचे पैसे गेले. विमा कंपनी म्हणाली, इतक्या सगळ्यांना मिळून आम्ही एकच वकील देऊ. एक गुंतवणूकदार अडून बसला. २००९ साली युरोपीय न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला : बुडालेले लोक अनेक आहेत म्हणून प्रत्येकाचा निवडीचा हक्क जात नाही. हॉलंडमध्ये कंपनी म्हणाली, आमच्या पगारी वकिलाने काम करायचे, बाहेरचा वकील लागतो की नाही ते आम्ही ठरवू. २०१३ साली त्याच न्यायालयाने तेही नाकारले.

इंग्लंडच्या अपील कोर्टाने २०१२ साली व्यवहाराची बाजू मांडली. वकील विमेदाराने निवडावा, पण दर अमुकच देऊ असे कंपनी म्हणू शकते. मात्र तो दर इतका कमी नसावा की त्या दरात वकीलच मिळू नये. तिथला लोकपालही एक वाट ठेवतो. यादीतल्या वकिलाने दावा कच्चा ठरवला, तर विमेदाराने आपल्या खर्चाने दुसऱ्या जाणकार वकिलाचे लेखी मत आणावे. ते अनुकूल असेल तर कंपनीने फेरविचार केला पाहिजे.

आपल्या तालुक्यात काय?

आता तुम्ही म्हणाल, विलायतेची कथा ऐकून आमच्या कोरडवाहू रानाला काय पाणी मिळणार?

माझ्या घरची गोष्ट सांगतो. वडिलांची दोन एकर जमीन पाझर तलावात गेली. वाढीव मोबदल्याच्या दाव्यासाठी गावातल्याच एका मध्यस्थाने वकील आणला. फी काही नाही, मिळेल त्यात हिस्सा. वडिलांनी कोऱ्या वकीलपत्रावर सही केली. पुढे दाव्यात तडजोड झाली, ती बातमी आम्हाला कळली एस.टी. स्टँडवर, दुसऱ्या एका जमीनवाल्याकडून. वकिलाला मी दोष देत बसत नाही. तो मध्यस्थाचा वकील होता, आमचा नव्हताच. वकील बदलायचे ठरवले तेव्हा म्हणाले, आधी पैसे, मग कागद.

तेव्हा मला माहीत नव्हते, आज तुम्हाला सांगतो. मिळणाऱ्या रकमेत हिस्सा ठरवून वकिली करायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. आणि फी बाकी आहे म्हणून वकिलाला अशिलाचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिला आहे.

आपल्याकडे वकिलाच्या खर्चाची सोय हप्ता न भरताही आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झालेला. त्याच्या बाराव्या कलमात कोण बसते, ऐका. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, कमी उत्पन्नाचे लोक, आणि दुष्काळाने, पुराने नाडलेले लोक. दुष्काळ हा शब्द कायद्यातच आहे. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, जिल्ह्याला प्राधिकरण. फोन १५१००.

पण इथेही यादीतलाच वकील मिळतो, आणि दाव्यात प्रथमदर्शनी तथ्य आहे की नाही हे देणाराच ठरवतो. म्हणून विलायतेचा धडा इथे कामाचा आहे. यादीतल्या कोणा वकिलावर तुमचा विश्वास असेल तर अर्जातच त्याचे नाव लिहा. ती पसंती मानायची की नाही हे सचिव ठरवतात, पण न मागता ती कोणी विचारणार नाही. या वकिलाने तुमच्याकडून एक पैसाही मागायचा नसतो. मागितला तर सचिवाकडे लेखी तक्रार करा. कोऱ्या वकीलपत्रावर सही नको. प्रत्येक कागदाची एक प्रत आपल्या घरच्या पिशवीत हवी. तारखेला स्वतः जा. तडजोड कितीवर करायची, हा शब्द शेवटी तुमचा.

आणि मागे बसलेल्या त्या भावाला त्याचे उत्तर. तुझ्या भांडणाला वकिलाचा विमा लागत नाही. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की बियाणे विकत घेणारा शेतकरी ग्राहक आहे, त्याला ग्राहक न्यायालयात जाता येते. शेतकऱ्याने सगळे बियाणे पेरून टाकलेले असणार, तपासणीसाठी नमुना राखून ठेवायला तो काही आधीच खटला लढायला बसलेला नसतो, हेही न्यायालयाने ध्यानात घेतले. जिल्हा ग्राहक आयोगात वकील लावलाच पाहिजे असे नाही, आणि घेतलेल्या मालाची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर अर्जाला फी नाही. मुदत दोन वर्षांची.

फक्त पावती हवी, पिशवी आणि तिच्यावरचे लेबल हवे, आणि पीक रानात उभे असतानाच कृषी खात्याकडे तक्रार करून पंचनामा करून घेतलेला हवा. यातले तुझ्याकडे आज काय काय आहे, ते सभा संपल्यावर घेऊन बस. अर्ज आपण इथेच लिहू. सही करण्याआधी तो तू स्वतः वाच, वाचता येत नसेल तर घरच्या पोराकडून वाचून घे. मी लिहिलेला आहे म्हणून न वाचता सही करू नकोस.