हेडफोनच्या केबलची पारख



संगीताचा शौक असलेला मनुष्य पैपैसा साठवून एकदाचा उत्तम हेडफोन विकत घेतो, आणि काही महिन्यांतच त्याच्या मनात एक नवी शंका घर करू लागते. हेडफोन तर नामांकित आहे; परंतु त्याला जोडलेली केबल? तीही तितक्याच तोलामोलाची नको का? ही शंका बळावेल अशी व्यवस्था जाहिरातींनी केलेलीच असते. अतिशुद्ध तांबे, चांदी, सोन्याचा मुलामा, अखंड स्फटिक अशा शब्दांची आरास त्याच्यापुढे मांडली जाते. अशी केबल कधी कधी खुद्द हेडफोनइतक्या किंमतीची असते. नोकरदार तरुणाच्या बाबतीत ही रक्कम महिन्याच्या पगाराला जाऊन भिडते. तेव्हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही. आपण पैसे कशाचे मोजतो आणि आपल्याच कानांवर कितपत विश्वास ठेवावा, हाही प्रश्न त्यात येतो. त्याचा विचार आज थोडा शांतपणे करू.

प्रारंभी थोडा इतिहास पाहू. १९१० साली अमेरिकेतील युटा प्रांतात नॅथॅनिएल बाल्डविन या गृहस्थाने आपल्या स्वयंपाकघरात बसून हेडफोन तयार केले आणि ते अमेरिकेच्या आरमाराला पुरविले. पुढे १९५८ साली जॉन कॉस यांनी दोन्ही कानांना स्वतंत्र ध्वनी देणारा स्टिरिओ हेडफोन संगीतप्रेमींच्या हाती दिला. तार तुटली की डाख देऊन ती पुन्हा जोडावी, एवढाच तिचा विचार तेव्हा होत असे. परंतु सेनहायझर कंपनीचा १९९७ मध्ये आलेला एचडी ६०० घ्या. त्याची केबल दोन्ही कानांपाशी सुटी करता येते. दुरुस्ती सोपी व्हावी, एक तार तुटली म्हणून सगळा हेडफोन टाकून देण्याची पाळी येऊ नये, हा या सोयीचा मोठा लाभ. पुढे बहुतेक भारी हेडफोनांत ही सोय आली. मात्र जी वस्तू सुटी होते ती वेगळी विकताही येते, आणि अशा रीतीने केबलचा एक स्वतंत्र बाजार उभा राहिला.

आता केबलचे कार्य काय ते पाहू. ॲम्प्लिफायरकडून आलेला विद्युतप्रवाह कानाजवळच्या पडद्यापर्यंत पोचविणे, एवढेच तिचे काम. या मार्गात ती अडथळा आणू शकते तो मुख्यतः आपल्या रोधामुळे. अर्धा मिलिमीटर व्यासाची तांब्याची तार घेतली आणि केबल दोन मीटर लांब धरली, तर जाण्यायेण्याच्या चार मीटर तारेचा रोध सुमारे ०.३५ ओहम भरतो. एचडी ६०० चा संरोध ३०० ओहम आहे. तीनशेपुढे पाव-अर्धा ओहम म्हणजे किती? आवाजात पडणारा फरक डेसिबलच्या शंभराव्या भागाइतका येतो. अनुकूल परिस्थितीतही आपल्या कानाला पाव-अर्ध्या डेसिबलच्या खालचा फरक उमगणे कठीण असते.

तांब्याऐवजी चांदी घेतली तर? चांदी तांब्यापेक्षा अधिक सुवाहक आहे, हे खरे. पण ते आधिक्य अवघे सहा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे तांब्याचीच तार सहा टक्के अधिक क्षेत्रफळाची घेतली की चांदीचा सगळा लाभ पदरात पडला. शुद्धतेचेही तसेच. तांब्याच्या वाहकतेचे आंतरराष्ट्रीय प्रमाण १९१३ साली ठरले. विजेच्या कामाला वापरले जाणारे साधे तांबेदेखील या प्रमाणाच्या शंभर टक्क्यांपर्यंत पोचते, आणि प्राणवायूरहित म्हणून विकले जाणारे तांबे त्याच्या पुढे जेमतेम एखादा टक्का जाते. दशांशचिन्हापुढे नवांची रांग कितीही वाढविली तरी तेवढ्याने ध्वनीत काही भर पडत नाही.

उंच स्वर तारेच्या केवळ पृष्ठभागावरून धावतात, म्हणून विशिष्ट गुंफणीची तार हवी, असेही सांगितले जाते. हा परिणाम काल्पनिक नाही. परंतु सेकंदाला वीस हजार कंपनांच्या स्वरालाही तांब्यात सुमारे ०.४६ मिलिमीटर खोलीचा थर वाहण्यास मिळतो. आपल्या तारेची त्रिज्याच मुळी पाव मिलिमीटर! अर्थात तो स्वर सगळ्या तारेतून वाहतो. केबलच्या विद्युतधारितेमुळे उंच स्वर दबतात, हा आक्षेपही गणितापुढे टिकत नाही. ॲम्प्लिफायरचा अंतर्गत रोध १०० ओहम इतका मोठा आणि केबलची धारिता ३०० पिकोफॅरड धरली, तरी दबण्याची सुरुवात सेकंदाला सुमारे पन्नास लाख कंपनांच्या पातळीला होते. माणसाचा कान वीस हजारांपाशी थांबतो.

येथे कोणी म्हणेल, "गणित राहू द्या, मी केबल बदलली आणि मला फरक स्पष्ट ऐकू आला." हे म्हणणे खोटे आहे असे मी मानत नाही. ऐकणारा प्रामाणिक असतो, आणि बहुधा फरकही खरा असतो. फक्त त्याचे कारण केबल नसते. केबल बदलताना हेडफोन डोक्यावरून काढावा लागतो आणि पुन्हा घालावा लागतो. कानावरची गादी पहिल्या जागेपासून थोडी सरकली, केस किंवा चष्म्याची काडी मध्ये आली, तरी उंच स्वरांत काही डेसिबलांचा फेर पडतो आणि खर्जाचा भराव कमीअधिक होतो. केबलच्या शंभराव्या भागापुढे हा फरक डोंगराएवढा आहे.

दुसरे कारण आवाजाच्या पातळीचे. पुष्कळ ॲम्प्लिफायरांना साध्या जॅकखेरीज बॅलन्स्ड जोडणी असते, आणि तिच्यातून जवळजवळ दुप्पट व्होल्टेज, म्हणजे सहा डेसिबल अधिक आवाज मिळू शकतो. नवी केबल बॅलन्स्ड असली की तोच राग अधिक भरदार वाटतो, खर्ज आणि तार दोन्ही उठून दिसतात. आवाज वाढला की आपल्या कानाला खालचे आणि वरचे स्वर तुलनेने अधिक ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ साली दाखवून दिले आहे. ज्या गुणासाठी आपण केबलची पाठ थोपटतो, तो पुष्कळदा आवाजाच्या बटणाचा असतो.

तिसरे कारण आपल्या मनाचे. तांबे तांबूस, म्हणून त्याचा आवाज ऊबदार. चांदी शुभ्र, म्हणून तिचा आवाज लखलखीत! धातूचा रंग डोळ्यांनी पाहावा आणि तो कानांनी ऐकला असे वाटावे, हा मनुष्यस्वभाव आहे. त्यात कमीपणा काही नाही. मात्र त्यावर उपाय योजला पाहिजे.

तो उपाय आम्हा शिक्षकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. परीक्षा मंडळ उत्तरपत्रिका तपासायला देते, तेव्हा परीक्षार्थीचे नाव परीक्षकाला कळू देत नाही. परीक्षक लबाड आहे म्हणून नव्हे; नाव दिसले की प्रामाणिक माणसाचाही हात नकळत सैल वा कडक होतो म्हणून. ध्वनीच्या क्षेत्रात हेच तत्त्व डेव्हिड क्लार्क यांनी १९८२ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात एका तुलनायंत्राच्या रूपाने मांडले. घरी हीच परीक्षा साध्या रीतीने घेता येते. दोन्ही केबली एकाच जॅकला लावाव्या आणि आवाजाची पातळी व्होल्टमीटरने जुळवून घ्यावी. डोळे बांधून बसावे. मित्राने प्रत्येक वेळी नाणे उडवून कोणती केबल लावायची ते ठरवावे, आणि तीच केबल पुन्हा लावायची असली तरी काढून घालण्याचा सोपस्कार करावा. वजनावरून केबल ओळखू येऊ नये म्हणून ती आपल्या अंगाला लागू देऊ नये. अशा दहा फेऱ्या घ्याव्या. दहांपैकी सात उत्तरे बरोबर आली म्हणून हुरळून जाऊ नये. नुसत्या अंदाजानेही सात किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याचा संभव शंभरात सतरा आहे. नऊ किंवा दहा बरोबर आली, तर मात्र तो संभव शंभरात एकाच्या घरात उतरतो. मग फरक आहे असे मानावे, आणि त्याचे कारण शोधावे. विक्रेता केबल परत घेणार असेल, तर ही परीक्षा परतीची मुदत संपण्यापूर्वी उरकावी.

मग केबल कधीच बदलू नये काय? असे मुळीच नाही. केबल बदलण्यास चांगली कारणे आहेत. परंतु ती बहुतेक हाताची, मानेची आणि सोयीची असतात, कानाची क्वचितच.

कानाचे जे एक खरे कारण आहे ते आधी सांगतो. कानात घालण्याच्या, अनेक सूक्ष्म ध्वनियंत्रे असलेल्या काही इअरफोनांचा संरोध एखाद्या पट्टीत पाच ओहमपर्यंत उतरतो आणि दुसऱ्या पट्टीत पन्नासवर चढतो. तेथे केबलचा रोध एक ओहम असला, तर एका पट्टीत दीड डेसिबलहून अधिक घट येते आणि दुसरीत जवळजवळ काहीच नाही. हा फरक ऐकू येण्याजोगा आहे. अशा इअरफोनला बारीक, लांब केबल लावू नये. मात्र त्यासाठीही मौल्यवान धातू लागत नाही. पुरेशी जाड तांब्याची तार पुरते.

आता सोयीची कारणे. एचडी ६०० ची मूळ केबल तीन मीटर लांब आहे. खुर्चीत बसून ऐकणाऱ्याच्या पायांत ती घोटाळते. त्याला दीड मीटरची केबल हे खरे सुख आहे. केबलचे वजन कमी असावे. चांदीच्या जाड वेण्या मानेला ओढ देतात. वेष्टन मऊ असावे. काही कापडी वेष्टने सदऱ्याच्या कॉलरला घासली की तो खरखराट तारेवाटे थेट कानात येतो, आणि आलापाच्या मंद जागी तो असह्य होतो. दुकानात केबल हातात घेता आली, तर हेडफोन कानाला लावून ती बोटाने हलकेच घासून पाहावी. या एका कृतीने कागदावरच्या सगळ्या वर्णनापेक्षा अधिक कळते. गोवा-कोकणासारख्या दमट हवेत पारदर्शक वेष्टनातले तांबे कालांतराने हिरवे पडते. त्याने आवाज बिघडत नाही. पण ज्याला ते खुपेल त्याने अपारदर्शक वेष्टन घ्यावे.

सर्वांत अधिक लक्ष द्यावे ते टोकांकडे. केबल बिघडते ती बहुधा मधे नव्हे, तर प्लगपाशी. तेथे तार वळते त्या जागी लवचिक आधार आहे का, प्लग उघडून पुन्हा डाख देता येतो का, हे पाहावे. प्रत्येक कंपनीचे कानापाशीचे टोक निराळे असते. एचडी ६०० ला एक जाड व एक बारीक अशा दोन पिना लागतात. ऑडिझीच्या एलसीडी मालिकेला चार पिनांचा छोटा एक्सएलआर लागतो. एकाचे टोक दुसऱ्याला चालत नाही, आणि बळाने बसविलेले टोक हेडफोनची खोबणीच नासवते. केबल शंभराची की हजारांची, यापेक्षा ही खोबण जपणे महत्त्वाचे.

एक सावधगिरीची सूचना. पुढेमागे बॅलन्स्ड ॲम्प्लिफायर घेण्याचा विचार असेल, तर दोन्ही कानांसाठी दोन-दोन अशा चार स्वतंत्र तारांची, ४.४ मिलिमीटरच्या प्लगची केबल घ्यावी, आणि साध्या जॅकसाठी तिला जोडतुकडा लावावा. याच्या उलट कधी करू नये. तीन भागांच्या साध्या प्लगची केबल जोडतुकडा लावून बॅलन्स्ड जोडणीत घातली, तर ॲम्प्लिफायरच्या दोन्ही बाजू परस्परांना चिकटतात आणि ते यंत्र जळू शकते.

केबल केवळ तुटली म्हणून बदलायची असेल, तर प्रथम हेडफोन बनविणाऱ्या कंपनीचीच सुटी केबल मिळते का पाहावे. नाहीतर डाखकाम जाणणाऱ्या कुशल कारागिराकडून साध्या, चांगल्या तांब्याची करून घ्यावी. उरलेल्या पैशांत कानांच्या झिजलेल्या गाद्या बदलाव्या. त्यांचा परिणाम कोणालाही डोळे बांधून ऐकू येईल.

आणि आणखी काही उरले, तर ते गाण्यावर खर्च करावे. गोव्याच्या केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. जुन्या काळच्या त्या ध्वनिमुद्रणात वरच्या स्वरांचे सगळे तेज उतरलेले नाही, आणि जे मुद्रणात उतरलेच नाही ते कोणतीही केबल परत आणणार नाही. परंतु जे उतरले आहे, तो एका दमात चढत जाणारा भरीव आकार, तो साध्या तांब्याच्या तारेतूनही आपल्यापर्यंत पूर्ण पोचतो. केबल विकत घेण्यापूर्वी एखाद्या संध्याकाळी तो लक्षपूर्वक ऐकावा आणि आपल्याला नेमके काय कमी पडते आहे, हे स्वतःलाच विचारावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.