रामवाडीचा ऋतुबाजार

मृगाच्या सरी पडल्या की पेणच्या रामवाडीतून जाणाऱ्या मुंबई-गोवा महामार्गाच्या पट्ट्यात रानभाज्यांचे दिवस सुरू होतात. आसपासच्या डोंगरवाड्यांतल्या कातकरी आणि ठाकूर बायका पहाटे रानात जाऊन भाजी खुडतात आणि बाजारात वाटे मांडून बसतात.

पहिला मान शेवळांचा. जमिनीतल्या कंदातून वर आलेले हे जांभळट कोंब जुडी बांधून मिळतात. जुडीसोबत काकडाची हिरवी, आंबट फळं घ्यायला विसरू नये. शेवळाला खाज असते, ती काकडाच्या आंबटपणाने मोडते. कोंबातला पिवळा भागही काढून टाकायचा असतो. हे सगळं विकणारी मावशीच आपुलकीने समजावून सांगते.

त्यामागून टाकळा, कुर्डू, भारंगी येतात. टाकळा कोवळा असतानाच घ्यावा, जून पान कडवट लागतं. श्रावणाच्या सुमारास काटेरी, हिरवीगार करटोली दिसू लागतात.



थंडीत पोपटीसाठी, म्हणजे मडक्यात भाजायला, वालाच्या शेंगा येतात. भातकापणीनंतर लावलेला अलिबागचा पांढरा कांदा उन्हाळ्याच्या तोंडाशी वेणीसारख्या माळांत गुंफून विकायला येतो. त्याला 2022 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. माळ घेताना कांदे घट्ट आणि माना पूर्ण सुकलेल्या आहेत ना, ते दाबून पाहावं. अशी माळ हवेशीर जागी टांगली की कांदा चांगला टिकतो.