हृदयपेशींचा मांडव



हृदयविकाराच्या तीव्र झटक्यात सुमारे एक अब्ज स्नायुपेशी मृत होऊ शकतात. कातडीची जखम भरून येते. हृदयात मात्र मृत स्नायूच्या जागी केवळ व्रण उरतो आणि व्रणाला आकुंचन पावता येत नाही. हृदयात नव्या स्नायुपेशी निर्माण होतात. परंतु पंचविशीतही त्यांचे प्रमाण वर्षाला जेमतेम १ टक्का असते.

ही उणीव मूळपेशी टोचून भरून काढण्याचे प्रयत्न झाले. परंतु टोचलेल्या बहुतेक पेशी वाहून जातात अथवा मरतात. बियाणे उत्तम असले तरी मांडवावाचून वेल जमिनीवरच लोळते. म्हणून संशोधकांचे लक्ष पेशींच्या आधाराकडे वळले.

हा आधार केवळ टेकू नसतो. मूळपेशी ज्या पृष्ठभागावर वाढते, त्याचा मऊकठीणपणाही तिला वळण लावतो, हे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील एंग्लर व डिशर यांच्या पथकाने २००६ मध्ये दाखविले. मेंदूइतक्या मऊ थरावर ती चेतापेशीची, स्नायूइतक्या ताठर थरावर स्नायुपेशीची आणि त्याहून कठीण थरावर अस्थिपेशीची लक्षणे धारण करू लागते.

२००८ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात डॉ. डोरिस टेलर यांच्या पथकाने उंदराच्या हृदयातून अपमार्जक द्रावण खेळवून त्यातील पेशी धुऊन काढल्या. मागे प्रथिनांचा सांगाडा उरला. झडपा व रक्तवाहिन्यांच्या वाटा मात्र शाबूत होत्या. त्यात नवजात उंदरांच्या हृदयपेशी सोडताच चौथ्या दिवशी आकुंचन दिसू लागले. आठव्या दिवशी विद्युत्-उत्तेजन दिल्यावर ते हृदय द्रव ढकलू लागले. त्याचा जोर प्रौढ हृदयाच्या सुमारे २ टक्के होता.

यश मोठे, परंतु उरलेली वाट त्याहून मोठी आहे. ही गोष्ट गावोगाव सांगणे अगत्याचे आहे. कारण मूळपेशींच्या नावाने आशा विकली जाते आणि त्यापायी जमिनी गहाण पडतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तजनक मूळपेशींचे मान्यताप्राप्त प्रत्यारोपण वगळता इतर वापर केवळ मंजूर चाचणीतच करता येतो. अशा उपचाराचा सल्ला मिळाला, तर चाचणीची मंजुरी व नोंदणी आहे काय, हा पहिला प्रश्न विचारावा. पैसे मागितले गेल्यास सावध व्हावे. आणि छातीत कळ येताच रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे. मृत पेशी परत आणणे अद्याप साधलेले नाही. जिवंत पेशी वाचविणे मात्र आजही शक्य आहे.