चावीचा पडदा आणि सेलचा पडदा



आपल्या जामखेडात काही घरांत जुना रोलचा कॅमेरा पेटीत पडलेला असतो. मुले म्हणतात, "बंद आहे, भंगारात देऊन टाका." थांबा. तो मेला आहे, की नुसता उपाशी आहे, ते आधी बघा.

कॅमेऱ्यात फिल्मच्या पुढे पडदा असतो. त्याला शटर म्हणतात. बटण दाबले की तो उघडतो आणि लगेच मिटतो. तेवढ्या वेळात उजेड आत शिरतो आणि चित्र उमटते. पडदा फार वेळ उघडा राहिला तर फोटो पांढरा पडतो. फार लवकर मिटला तर काळा येतो. म्हणून वेळ नीट मोजावी लागते.

वेळ मोजण्याच्या दोन तऱ्हा आहेत. पहिली चावीच्या घड्याळासारखी. स्प्रिंग ताणायची, दातेरी चाके वेळ मोजतात. विजेचे काम नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून सिनेमाचा कॅमेरा आणला, तोही हातानेच फिरवायचा. त्यावर घेतलेला 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली लोकांनी पाहिला.

दुसरी तऱ्हा सेलची. इथेही पडदा स्प्रिंगच ओढते. पण तो कधी मिटायचा हे विजेचा चुंबक ठरवतो. वेळ अगदी अचूक. नवशिक्याची मोठी सोय. पण सेल संपला की काय?

१९७६ साली दोन कॅमेरे निघाले. पेंटॅक्स के-१००० चा पडदा सेलशिवाय १/१००० सेकंदापर्यंत चालतो. सेल लागतो तो फक्त उजेड मोजायच्या काट्याला. कॅनन एई-१ चा सेल संपला, तर पडदा हलतच नाही. माणूस म्हणतो, कॅमेरा गेला! गेलेला असतो फक्त सेल.

तेव्हा आधी नवा सेल घाला. चावीचा पडदा रेंगाळत असेल, तर आतले तेल सुकले असेल. जाणता कारागीर साफ करून देतो. सेलच्या कॅमेऱ्यातली विजेची पट्टी जळाली, तर मात्र सुटा भाग मिळणे कठीण.

आणि एक सांगतो. मागचे झाकण एकदम उघडू नका. रोल गुंडाळायची कळ बाणाच्या दिशेने हलकेच फिरवा. जड लागली, तर आत फिल्म आहे. उजेड लागला की ती गेली. तीत कुणाचे लग्न असेल, कुणाची गेलेली आई असेल.

म्हणून आधी फिल्म, मग सेल, मग कारागीर. भंगारवाला सगळ्यांत शेवटी.