समाजशास्त्राचा प्रबंध आणि आपल्या वाड्या
(मंडळाच्या वर्धापनदिनी शहापूर येथे केलेले भाषण)



“पीएच्. डी. म्हणजे काय, आणि ती समाजशास्त्रात करून उपयोग काय, हे आम्हां बायकांना समजेल असे सांगा,” अशी चिटणीसबाईंची आज्ञा आहे. पहिला भाग सोपा आहे. दुसऱ्याचे उत्तर मी चार वर्षे शोधते आहे, आणि विद्यापीठातून कसारा गाडीने आसनगावपर्यंत उभ्याने येताना ते दर वेळी थोडे निराळे सुचते.

एम्. ए. पर्यंत आपण दुसऱ्यांनी लिहिलेले वाचतो. पीएच्. डी.मध्ये असा एक प्रश्न घ्यायचा की ज्याचे उत्तर पुस्तकात सापडत नाही. ते स्वतः हिंडून, विचारून, ताडून पाहून लिहावयाचे आणि परीक्षकांपुढे उभे राहून राखावयाचे. प्रवेश परीक्षा असते, काही महिन्यांचा अभ्यासक्रम असतो, मार्गदर्शक असतात. २०२२ च्या नियमांप्रमाणे मुदत तीन ते सहा वर्षांची. स्त्रियांना आणखी दोन वर्षांची सवलत आणि बाळंतपणासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. नोकरी सांभाळून अर्धवेळही करता येते. मी शाळा सांभाळून करते आहे ती तशीच. नियम करणाऱ्यांत कोणीतरी घर चालवलेले असावे!

या वाटेने आपल्या पुष्कळ आधी गेलेल्या बाई म्हणजे इरावतीबाई कर्वे. मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्राचा विभाग निघाला, तो भारतातला पहिला. तेथे मालवणचे डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या हाताखाली इरावतीबाई एम्. ए. झाल्या आणि १९२८ साली जर्मनीला गेल्या. स्त्रीशिक्षणासाठी जन्म वेचलेल्या महर्षी कर्व्यांना सुनेचे हे जाणे पसंत नव्हते. यजमान दिनकरराव मात्र पाठीशी राहिले, आणि पैसा जीवराज मेहता यांच्याकडून कर्जाऊ मिळाला. बर्लिनला त्यांचे गुरू होते ऑयगेन फिशर. माणसाच्या कवटीच्या दोन बाजूंतील फरकावरून वंशांचा उच्चनीचपणा दिसतो, अशी त्यांची धारणा. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि असा काही संबंध दिसत नाही, हे गुरूंच्याच पुढे प्रबंधात लिहून दिले. परका देश, कर्जाचा पैसा, वय पंचविशीच्या आसपास. मला तर विभागात चहा घेतानासुद्धा मार्गदर्शकांशी मतभेद बोलून दाखवायला धीर लागतो.

पुढे त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आल्या आणि महाराष्ट्रभर हिंडल्या. कोयना धरणाने उठलेल्या लोकांची पाहणी त्यांनी केली, ती १९६९ साली प्रसिद्ध झाली. तानसा आणि भातसा ज्या तालुक्यात आहेत, तेथे या पुस्तकाची महती मी काय सांगावी! मुंबईला पाणी पोहोचते आणि आपल्या पाड्यांवरच्या बाया चैत्र-वैशाखात हंडे घेऊन मैलमैल चालतात.

आपल्या डोंगरांवरही लेखन झाले आहे. घुर्यांचे महादेव कोळ्यांवरचे पुस्तक १९५७ चे, ल. ना. चापेकरांचे सह्याद्रीतल्या ठाकरांवरचे १९६० चे. दोन्ही इंग्रजीत. ज्यांच्याविषयी लिहिले त्यांच्या घरात ती पोहोचली असतील, असे मला वाटत नाही.

आता माझा प्रश्न. भात झोडून झाले, दिवाळी सरली की शहापूर-मुरबाडच्या कातकरी वाड्या ओस पडतात, हे आपण सर्वजणी पाहतो. माणसे भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. पावसाळ्यात हात रिकामे असताना बयाणा घेतलेला असतो, तो फेडायचा असतो. मजुरी हजार विटांवर ठरते आणि नवरा-बायको मिळून एक जोडी धरतात. चिखल दोघे मळतात, विटा दोघे करतात. पण बयाणा घेतो नवरा आणि हिशोब होतो त्याच्या नावाने. बाईचे काम कोणत्याच कागदावर नसते. पूर्वी लग्नासाठी कर्ज काढून सावकाराकडे राबणाऱ्याला ठाणे जिल्ह्यात लग्नगडी म्हणत, आणि त्याच्याबरोबर त्याची बायकोही राबे. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली. त्या बाईच्या श्रमाचा हिशोब आज तरी कोणी ठेवतो का, एवढेच मी विचारते आहे.

वाडीचे नाव मी प्रबंधात घालणार नाही, म्हणून येथेही सांगत नाही. आपल्यापैकी काही ओळखतील. कृपा करून ओळखून गप्प बसा.

मुरबाडकडच्या एका वाडीत एक वयस्क बाई मला म्हणाली, “बाई, तुम्ही लिवून न्याल, पन आमच्या हातात काय?” समाजशास्त्र शिकणाऱ्याला याहून अवघड प्रश्न परीक्षकसुद्धा विचारत नाहीत. प्रबंधाने पदवी मला मिळणार, पगारवाढ झाली तर मला होणार. मी तिला तसेच सांगितले. ती म्हणाली, “मंग एक वही तरी द्या.”

ही वही कशाला, ते मला पुढच्या खेपेस कळले. तिची नात पाचवीपर्यंत शिकलेली. भट्टीवर रोज किती विटा झाल्या, आठवड्याला खर्ची किती उचलली, हे ती आजीच्या सांगण्यावरून लिहू लागली. मालकाच्या वहीशी ही वही ताडून पाहायची, असा आजीचा बेत. मी मार्गदर्शकांना भीतभीत विचारले, अभ्यासणाऱ्याने असे मध्ये पडणे चालते का? ते म्हणाले, वही दिली हे प्रबंधात लिहून टाका, म्हणजे झाले. त्यानंतर आणखी चार घरांनी वह्या मागितल्या. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी २०१६ पासून आजीबाईंची शाळा भरते, हे आपण ऐकले असेल. या बायांना मात्र शाळेला वेळ नाही. त्यांना आकडेच आधी हवे आहेत.

त्यांच्यावर लिहिलेले प्रकरण मी इंग्रजीत लिहिले आहे, पण ते मराठीत करून वाडीत वाचून दाखवणार आहे. त्यांना जे खोटे वाटेल ते तेथेच खोडायचे. दिवाळीनंतर वाडीत कोणी सापडणार नाही, म्हणून हे वाचन दसऱ्याच्या आत उरकले पाहिजे. मुरबाडची एस्. टी. सकाळी धरावी लागेल. मंडळातल्या दोघी-तिघी बरोबर आल्या तर बरे होईल; आणि मंडळाने दोनरेघी न घेता चौकटीच्या वह्या दिल्या तर अधिक बरे. विटांचे आकडे चौकटीत नीट बसतात.