दोष बापाकडूनही येतो
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



स्तनाच्या कॅन्सरवर एका गिरणी कामगाराने बोलावं, याचं काहींना नवल वाटेल. पण हा दोष माझ्याच रक्तात आहे, म्हणून बोलतो.

माझी आई याच रोगाने गेली. तेव्हा शेजारपाजारचे म्हणाले, मागच्या जन्माचं भोगतेय. धम्मदीक्षा घेतलेल्या वस्तीत ही भाषा! पुढे धाकट्या बहिणीला बेचाळिसाव्या वर्षी तशीच गाठ आली. डॉक्टरांनी घराण्याची माहिती विचारून तिचं रक्त तपासलं. बीआरसीए-२ नावाच्या जनुकात बिघाड निघाला. हे जनुक १९९५ साली सापडलं, बीआरसीए-१ त्याच्या आदल्या वर्षी. पेशीतली मोडतोड दुरुस्त करणं हे त्यांचं काम. साच्यावर तुटलेला धागा जोडणारा माणूसच गैरहजर राहिला तर कापडाचं काय होईल, ते आपल्याला सांगायला नको.

सगळेच कॅन्सर असे आनुवंशिक नसतात. स्तनाच्या कॅन्सरमध्ये शंभरात पाच ते दहाच. पण ज्या बाईत हा बिघाड आहे, तिला वयाच्या ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याचा धोका शंभरात सत्तरच्या आसपास. अंडाशयाचा धोका वेगळाच.

आम्ही समजत होतो, आईचं दुखणं लेकींकडे जातं, मुलाचा काय संबंध? डॉक्टर म्हणाले, तुम्हीपण रक्त द्या. दोष आईत असो की बापात, प्रत्येक लेकराकडे जाण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो वा मुलगी. माझ्यात निघाला. पुरुषाला स्तनाचा कॅन्सर क्वचित होतो, प्रोस्टेटचा धोका मात्र वाढतो. पण मला त्या दिवशी आठवली ती माझी सव्वीस वर्षांची मुलगी.

दोष निघाला म्हणजे रोग झाला असं नव्हे. अशा बाईने पंचविशीपासून दरवर्षी एमआरआय करावा, तिशीपासून मॅमोग्राफीही. काहींना टॅमॉक्सिफेनची गोळी देतात. रोग होण्याआधीच दोन्ही स्तन काढले तर धोका नव्वद टक्क्यांहून जास्त घटतो. सिनेनटी अँजेलिना जोलीने असं केलं आणि २०१३ साली जगाला उघड सांगितलं. मुलंबाळं झाल्यावर अंडाशय आणि नलिका काढण्याचा सल्ला देतात; बीआरसीए-१ असेल तर साधारण ३५ ते ४०, बीआरसीए-२ असेल तर ४० ते ४५ या वयात. त्याने पाळी कायमची थांबते, हाडं ठिसूळ होतात, हेही सांगायला हवं. रोग झालाच, तर ओलापारिब ही गोळी अशाच रुग्णांना उपयोगी पडते. यातलं काय करायचं ते त्या बाईने ठरवायचं, नवऱ्याने नाही की सासूने नाही.

आणखी एक गोष्ट. एका अमेरिकन कंपनीने या जनुकांवरच पेटंट घेतलं होतं. माणसाच्या अंगातली वस्तू, आणि मालक कंपनी! जून २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, निसर्गात आहे तसं जनुक कुणाच्या मालकीचं होत नाही.

आपल्या परळच्या टाटा रुग्णालयात आनुवंशिक कॅन्सरचा विभाग आहे. शक्यतो आधी रोग झालेल्या माणसाची तपासणी करतात, मग नात्यातल्यांची. जाताना आईकडची आणि बापाकडची, दोन्ही बाजूंची माहिती न्या. आत्या विसरू नका.

मुलीच्या लग्नाची बोलणी चालली तेव्हा नातेवाईक म्हणाले, हे झाकून ठेव. मी सांगून टाकलं. एक स्थळ परत गेलं. दुसऱ्या मुलाने विचारलं, तपासणीला कधी जायचं? मुलगी म्हणाली, मी ठरवीन तेव्हा. तिने पुढच्या महिन्याची तारीख घेतली आहे. तिच्याबरोबर मीही जाणार आहे.

जयभीम!