सौम्य हृदयविफलता आणि सीआरटी उपकरण
हृदयाची रक्त ढकलण्याची शक्ती अपुरी पडते, त्या अवस्थेला हृदयविफलता म्हणतात. काही रुग्णांत विद्युतसंदेश डाव्या बाजूस उशिरा पोहोचल्याने जवनिका, म्हणजे हृदयाचे खालचे दोन कप्पे, एकाच वेळी आकुंचन पावत नाहीत. गळपट्टीच्या हाडाखाली बसवलेले सीआरटी उपकरण बारीक तारांतून स्पंद देऊन हा मेळ पुन्हा साधते. अमेरिकेतील डॉ. आर्थर मॉस यांच्या नेतृत्वाखाली १,८२० रुग्णांवर झालेल्या 'मॅडिट-सीआरटी' अभ्यासात २००९ मध्ये असे दिसले की, लक्षणे सौम्य असतानाच, घातक लय मोडणाऱ्या आयसीडीला सीआरटीची जोड दिल्यास मृत्यू किंवा हृदयविफलता बळावणे यांचा एकत्रित धोका ३४ टक्क्यांनी घटतो. हा लाभ प्रामुख्याने डाव्या विद्युतशाखेत अवरोध असणाऱ्यांना होतो. म्हणून ईसीजी व इको तपासूनच हृदयरोगतज्ज्ञांनी निर्णय घ्यावा आणि रुग्णांनी औषधे चालूच ठेवावीत.